मशीन नेमकं कधी बंद पडतं? घरच्या एस्प्रेसो मशीनमधला विजेचा दोष शोधताना

बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या स्वयंपाकघरात एस्प्रेसो मशीनचा प्लग सॉकेटमध्ये घातला की अख्ख्या घराची लाईट जायची. मशीनचं बटण बंद, सॉकेटचंही बटण बंद. नुसत्या पिना आत गेल्या की दारामागच्या बोर्डात 'खट्'. जुलै महिना, आठ दिवस पाऊस उघडलेला नाही, भिंतींना ओल, आणि फ्रिज सारखा बंद पडतोय म्हणून आईची बोलणी. मी निदान करून मोकळा झालो: पावसाळा आहे, पाणी तापवणाऱ्या एलिमेंटमध्ये ओल शिरलीय. नवा एलिमेंट मागवला, सतरा दिवसांनी आला, दीड तास खपून बसवला, प्लग घातला. खट्.

खरं तर मशीनने मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. मशीन काय करतंय एवढंच मी बघत होतो, कधी करतंय याचा अर्थ लावला नव्हता. आमच्या मशीनचं मुख्य बटण फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारं आहे. ते बंद असताना एलिमेंट, पंप, थर्मोस्टॅट, काहीच विजेला जोडलेलं नसतं. मग त्यातलं काही बिघडून घराची लाईट जाईलच कशी? दोष प्लग आणि बटण यांच्यामध्येच असणार. म्हणजे दीड मीटर केबल आणि आतली वीतभर वायर. तो मला शेवटी कसा सापडला ते पुढे येईलच.

हा लेख साध्या मशीनसाठी आहे. एक बॉयलर किंवा थर्मोब्लॉक, घरघर करणारा व्हायब्रेशन पंप, दोन-तीन बटणं, वाफेची नळी. दाणे दळून कप भरून देणारं पूर्ण ऑटोमॅटिक यंत्र असेल तर भिंतीपासून एलिमेंटपर्यंतचा भाग तसाच लागू होईल; त्यापुढे सगळा सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा कारभार असतो.

मशीन वॉरंटीत असेल तर उघडू नका. उघडायचंच असेल तर प्लग काढून डोळ्यांसमोर ओट्यावर ठेवा. सॉकेटचं बटण बंद केलं म्हणजे भागलं, असं समजू नका. आमच्याकडच्या जुन्या घरांत फेज-न्यूट्रलची अदलाबदल सर्रास सापडते. तिथे बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज मशीनमध्ये तशीच उभी राहते. बॉयलर थंड व्हायला अर्धा तास द्या, टाकीतलं पाणी ओता, पाय कोरडे ठेवा. जिथे चालू विजेवर मोजायचं आहे तिथे मी तसं स्पष्ट लिहिलंय. त्या कामाची सवय नसेल तर ते इलेक्ट्रिशियनवर सोडा, बाकीचं सगळं प्लग काढून होतं.

आधी वहीत लिहा: कधी?

मल्टीमीटर हातात घेण्याआधी दोन गोष्टी टिपून ठेवा: घराच्या बोर्डातलं नेमकं कोणतं संरक्षक बटण पडलं (एमसीबी की आरसीसीबी) आणि मशीन कोणत्या क्षणी होतं. एमसीबी पडला तर करंट फार वाहिला, म्हणजे शॉर्ट किंवा ओव्हरलोड. आरसीसीबी पडला (तो, ज्यावर 'टी' लिहिलेलं चाचणीचं बटण असतं) तर गेलेला करंट पूर्ण परत आला नाही, काही अर्थिंगकडे गळला. काहीच पडलं नाही आणि मशीन नुसतं मेलं, तर आत कुठेतरी साखळी तुटली.

आता क्षण. सगळी बटणं बंद आणि प्लग घालताच आरसीसीबी पडतो? न्यूट्रल कुठेतरी बॉडीला टेकलीय. आपल्या सॉकेटचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल कायम जोडलेली असते. तिला अर्थिंगकडे वाट मिळाली की घरातल्या इतर उपकरणांचा परतीचा करंट त्या वाटेने थोडा निसटतो आणि आरसीसीबी ते ओळखतो. म्हणून हा दोष लहरी वाटतो. आमच्याकडे फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असेल तर कधीकधी प्लग घालूनही काही व्हायचं नाही. मी दोन दिवस त्याला भुताटकी म्हणत होतो.

मशीनचं बटण दाबताच पडतो, तर बटणाच्या पुढचा भाग संशयित. चालू होऊन पाच-सात मिनिटं तापल्यावर पडतो, तर एलिमेंट, किंवा गळणारं पाणी तापून एखाद्या टर्मिनलवर वाफ धरतेय. कॉफीचं बटण दाबल्यावरच पडतो, तर पंप किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी पाण्याची झडप), आणि बहुतेक वेळा त्यावर ठिबकणारं पाणी. कॉफी नीट येते पण वाफेसाठी तापत नाही, तर एलिमेंट निर्दोष आहे, वाफेचा थर्मोस्टॅट किंवा त्याचं बटण बघा. एमसीबी दहा मिनिटांनी, आणि तोही मिक्सर लावल्यावरच पडत असेल तर मशीनला दोष देऊ नका. १३५० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जवळपास ५.९ ॲम्पिअर घेतं. ६ ॲम्पिअरच्या एमसीबीवर ते एकटं जेमतेम चालतं. त्यात मिक्सर आला की एमसीबी त्याचं काम करतो, एवढंच.

भिंतीपासून आत

सुरुवात सॉकेटपासून. मशीन कुठून आलंय ते बघा. युरोपहून आलेल्या मशीनला दोन जाड गोल पिनांचा प्लग असतो, अर्थिंग बाजूच्या पट्टीवर. तो आपल्या ६ ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये आरामात जातो, मशीन चालतंही, पण अर्थिंग कुठेच जोडलं जात नाही. वर पिना सैल बसतात, ठिणग्या पडतात, प्लग तापतो. असा प्लग सरळ कापून १६ ॲम्पिअरचा तीन पिनांचा लावा. दुबई-मस्कतहून कुणी आणलेलं मशीन असेल तर चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये एक छोटा फ्यूज असतो. 'मशीन मेलंय' म्हणून आलेल्या एका मशीनचा आजार तेवढाच निघाला होता. अमेरिकेचं १२० व्होल्टचं असेल तर ते आपल्या सॉकेटला लावूच नका. एलिमेंटला मूळच्या पावणेचार पट वॅट मिळतात.

पुढचं मोजमाप चालू विजेवरचं आहे. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये तीन आकडे घ्या. फेज ते न्यूट्रल २२०-२४०च्या आसपास हवा. फेज ते अर्थ जवळपास तेवढाच. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज ते अर्थ नव्वद, एकशे वीस असं काहीतरी तरंगतं दिसलं तर अर्थिंग तुटलंय. आकडे बरोबर आले तरी अर्थिंग सशक्त आहेच असं नाही, कारण मीटर नखभर करंट घेतो. आमच्या भागात जांभा. त्यात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा खडखडीत कोरडा होतो. खड्ड्यात पाणी घालण्याचं काम घरात कुणाच्या तरी नावावर लावून द्या.

मग मशीन तापत असताना व्होल्टेज पुन्हा बघा, शेजारच्या सॉकेटवर. मशीन चालू होताच दहा-पंधरा व्होल्ट खाली बसले तर वायरिंगमध्ये कुठेतरी जोड सैल आहे. तो जोड शोधून घट्ट करून घ्या, नाहीतर तो जळून स्वतःच सापडेल. आणि मुळातच व्होल्टेज कमी असेल तर? खानापूर-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात किंवा शेतीपंप चालू असतात त्या वेळी गावाकडे १८० व्होल्टही दिसतात. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. १८० व्होल्टवर १३५० वॅटचा एलिमेंट सव्वाआठशे वॅटच देतो, म्हणजे साठ टक्क्यांच्या थोडं वर. पंपही मिणमिणतो, प्रेशर येत नाही. तिथे एलिमेंट बदलून काही होणार नाही, हेस्कॉमकडे, म्हणजे आपल्या वीज कंपनीकडे, तक्रार करा किंवा त्या ताकदीचा स्टॅबिलायझर घ्या.

'मशीनला करंट मारतोय'

बॉडीला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर पेटतो. ही तक्रार मी सर्वात जास्त ऐकली आहे आणि तिच्यात निम्म्या वेळा मशीन निर्दोष असतं. बऱ्याच मशीनमध्ये केबल आत शिरते तिथे एक नॉईज फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग जोडलेलं असेल तर त्यांचा किंचितसा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी मध्येच लोंबकळते, मीटरवर ११० ते ११५ व्होल्ट दिसतात, आणि हात लावणाऱ्याला झिणझिण्या. म्हणून टेस्टर पेटला एवढ्यावरून एलिमेंट बदलायला सांगणाऱ्याला घरात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पण नुसत्या झिणझिण्या नसून सणसणीत झटका बसला तर प्लग काढा आणि गळती मोजेपर्यंत परत लावू नका.

उघडण्याआधी दोन मोजमापं

प्लग हातात. मीटर ओहमवर. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून मीटरची स्वतःची चूक बघून घ्या, ०.३-०.४ ओहम असते.

पहिलं: दोन्ही छोट्या पिना एकेक करून मोठ्या अर्थ पिनेशी मोजा. मशीनचं बटण आधी बंद ठेवून, मग चालू करून. चारही वेळा मीटरने ओएल म्हणजे 'अंत नाही' दाखवायला हवं. मोठ्या पिनेपासून मशीनच्या पत्र्यापर्यंत मात्र एक ओहमपेक्षा कमी. स्क्रूवर टोक टेका, रंगावर नको. याला अर्धं मिनिट लागतं. मी हे केलं असतं तर बटण बंद असतानाच एका पिनेवर बीप वाजला असता आणि सतरा दिवस वाचले असते.

दुसरं: दोन छोट्या पिनांमध्ये मोजा, बटण चालू ठेवून. साध्या थर्मोस्टॅटच्या मशीनमध्ये थेट एलिमेंटचा आकडा मिळतो. तो किती यायला हवा? व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००. १३५० वॅटला ३९ ओहम, १००० वॅटला ५३, १४५० वॅटला ३६.५. आसपास आला की एलिमेंट, थर्मल फ्यूज (फार तापलं की वितळून वीज तोडणारा), थर्मोस्टॅट, बटण, केबल, सगळी साखळी अखंड आहे. ओएल आला तर साखळी तुटलीय. बोर्डवाल्या मशीनमध्ये मात्र रिले (बोर्डाने चालवायचा स्विच) उघडा असल्यामुळे ओएल येणारच, तिथे हा नियम लावू नका.

सिरीज लॅम्प

(हेही चालू विजेवरचं काम आहे.) प्रत्येक जुन्या इलेक्ट्रिशियनच्या भिंतीवर असतो तो बोर्ड: एक होल्डर, एक सॉकेट, आणि फेज बल्बमधून फिरून सॉकेटकडे जाते. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, एलईडी चालत नाही. आत कुठे शॉर्ट असला तरी बल्बपेक्षा जास्त करंट जात नाही, म्हणून एमसीबी उडत नाही की वायर पेटत नाही. मशीनचं बटण चालू केलं आणि बल्ब भक्क पेटला, तर ते दोन्ही असू शकतं: शॉर्ट किंवा निरोगी एलिमेंट. ३९ ओहम बल्बला शॉर्टसारखेच वाटतात. म्हणून प्लग काढून एलिमेंटची एक वायर काढून ठेवा, मग प्लग लावा. आता बल्ब अंधारात राहिला पाहिजे. फक्त पंप चालवला तर मंद, थरथरत पेटतो. अर्थिंगची गळती मात्र याने पकडता येत नाही. आणि बोर्ड असलेली मशीन सिरीजमध्ये वेड्यासारखी वागतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

झाकण उघडल्यावर आधी नाक, मग मीटर

मोबाईलवर फोटो काढा. वरून, बाजूने, प्रत्येक वायर दिसेल असा. मग वास घ्या. जळक्या प्लास्टिकचा वास कुठून येतोय ते कळतं. पांढऱ्या पापुद्र्याची रेघ शोधा: गळणारं पाणी सुकून मागे क्षार ठेवतं आणि ती रेघ बरोबर दोषापर्यंत नेते.

आता प्रत्येक थिंबल. म्हणजे वायरच्या टोकाचा तो चपटा, पात्यावर सरकवायचा पितळी तुकडा. एलिमेंटवरचे दोन आणि मुख्य बटणावरचे. सैल थिंबलमधून सहा ॲम्पिअर गेले की ते तापतं, तापलं की आणखी सैल होतं. पितळेचा रंग चॉकलेटी होतो, जांभळट छटा येते, शेजारची स्लीव्ह ठिसूळ होऊन बोटाने मोडते. अशा थिंबलला पक्कडीने दाबून परत बसवणं म्हणजे दोन महिन्यांची सोय. कापा, वायरचं चमकतं तांबं येईपर्यंत मागे जा, नवीन थिंबल क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबा. वायर कमी पडली तर बॉयलरजवळ घरगुती वायरिंगची पीव्हीसी वायर जोडू नका, ती वितळते. सिलिकॉन किंवा काचधाग्याच्या आवरणाची, उष्णता सोसणारी वायर मागा. गीझर दुरुस्तीवाल्यांकडे मिळते.

थिंबल ठीक असतील तर साखळीवर एकेक पाऊल, मीटर बीपवर ठेवून (वाट अखंड असली की वाजतो). मीटरचं एक टोक प्लगच्या पिनेवर कायम ठेवा, दुसरं पुढे सरकवत न्या: बटणाआधी, बटणानंतर, थर्मल फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, थर्मोस्टॅटच्या अलीकडे, पलीकडे. बीप जिथे थांबतो तो भाग गेला. एलिमेंटपर्यंत बीप आला तर दुसऱ्या पिनेपासून तसंच उलट.

थर्मल फ्यूज उडाला म्हणजे शोध संपला नाही

बऱ्याचदा बीप थर्मल फ्यूजवर थांबतो. बॉयलरला चिकटवलेला, स्लीव्हमध्ये दडवलेला, पेनाच्या टोपणाएवढाही नाही. एकदा वितळला की परत जुळत नाही. त्यावर अंश सेल्सिअस आणि ॲम्पिअर छापलेले असतात, तेच दोन्ही आकडे असलेला नवीन आणा. वायर जोडताना सोल्डरिंग करू नका, त्या उष्णतेनेच नवा फ्यूज जातो. क्रिम्प करा. आणि त्याच्या जागी वायरचा तुकडा टाकून 'चालू करून दिलं' असं कुणी म्हणाला तर मशीन तिथल्या तिथे बंद करा. पुढच्या वेळी थर्मोस्टॅट चिकटला की बॉयलरला थांबवणारं काहीच उरत नाही.

फ्यूज उगाच उडत नाही. कारण शोधल्याशिवाय नवा बसवला तर तोही जाईल. माझ्या अनुभवात कारणं तीन. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटलेले: थंड असताना तो बंद, म्हणजे बीप देणारा हवा, पण छापलेल्या तापमानावर उघडायला हवा, हा कधीच उघडत नाही. दुसरं, थर्मोस्टॅटखालची थर्मल पेस्ट सुकून फट पडलेली, त्यामुळे बॉयलर तापून लाल व्हायची वेळ आली तरी थर्मोस्टॅटला पत्ता उशिरा लागतो. आणि तिसरं पाणी. शहरात राकसकोप धरणाचं पाणी येतं त्यांना हा त्रास कमी. पण ज्यांच्या घरी बोअरचं जड पाणी आहे त्यांच्या बॉयलरमध्ये दोन वर्षांत चुन्यासारखा थर बसतो. एलिमेंटची उष्णता पाण्यात जाण्याऐवजी धातूतच साठते आणि फ्यूज उडतो. तिथे विजेच्या दोषाचं औषध मशीनच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्षार काढणं हेच आहे.

थर्मोस्टॅट तपासताना आमच्याकडे एक खास गंमत होते. माझ्या भाच्याने एकदा १०७ अंशांचा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात धरला, तो उघडला नाही, म्हणून 'खराब' ठरवून फेकायला निघाला. अरे बाबा, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर आहे, इथे पाणी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. आणि किनाऱ्यावर गेलास तरी १०७ होणार नाही! असा थर्मोस्टॅट गोड्या तेलात, थर्मामीटर सोडून, मंद आचेवर तपासायचा. फक्त धातूची टोपी तेलात, टर्मिनल बाहेर. मशीनमधून गरम पाणी सोडल्यावर पहिल्यांदा थोडी वाफ फुसफुसते, या उंचीवर जरा जास्तच. तोही दोष नव्हे.

बोर्डवाल्या मशीनमध्ये थर्मोस्टॅटऐवजी एनटीसी सेन्सर असतो, मण्याएवढा. त्याच्या दोन वायरींमधला ओहम मोजत मुठीत धरा. आकडा सावकाश, न अडखळता उतरला तर सेन्सर जिवंत आहे. उड्या मारत असेल किंवा ओएल दाखवत असेल तर बदला.

एलिमेंट: ओहम बरोबर, तरीही गुन्हेगार

एलिमेंटच्या दोन्ही वायरी काढा, नाहीतर तुम्ही बाकीच्या सर्किटचीच मोजणी कराल. दोन टोकांमध्ये ३९च्या आसपास हवं, ते आपण बघितलं. आता प्रत्येक टोक ते बॉयलरचा धातू. इथे साधा मल्टीमीटर फसवतो. तो ९ व्होल्टच्या किंवा त्याहून छोट्या बॅटरीवर मोजतो, तर एलिमेंटला सोसायचे असतात २३०, तेही तापलेले असताना. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी पडायला साधारण पावणेआठ किलोओहमची गळती पुरते, आणि बरेच आरसीसीबी त्याच्याही अलीकडे पडतात. थंड एलिमेंट मीटरवर काही मेगाओहम दाखवून निरागस बसतो आणि तापला की दगा देतो.

म्हणून मेगर, म्हणजे अशी गळती मोजणारा मीटर. ५०० व्होल्टवर मोजतो. तो विकत घ्यायची गरज नाही. उद्यमबागेत मोटार रिवायंडिंगची दुकानं आहेत, प्रत्येकाकडे मेगर असतोच. मी नुसता बॉयलर पिशवीत घालून नेला होता. तिथल्या मालकाने तो हातात फिरवला, हे कसली मोटार म्हणून विचारलं, कॉफीचं म्हटल्यावर हसला, "नोडोण, बघूया की ओ" म्हणत वायरी लावल्या. आकडा एक मेगाओहमच्या खाली आला तर एलिमेंट संशयित. निरोगी एलिमेंट त्याच्या कितीतरी वर असतो. बोर्ड जोडलेला असताना मेगर कधीही लावू नका, बोर्ड जळेल.

पण लगेच टाकूनही देऊ नका. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साईडची पूड असते. टोकांचं सील म्हातारं झालं की ती हवेतली ओल पिते, आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत तिला प्यायला भरपूर मिळतं. मशीन गणपतीपर्यंत बंद ठेवलं असेल तर हे हमखास. बॉयलर सुटा करून रबर, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज, सगळं काढा आणि नुसता धातू ओटीजीत ११०-१२० अंशांवर तीन-चार तास ठेवा. थंड झाल्यावर परत मेगर. आकडा चांगला चढला तर ती ओलच होती. चढला नाही तर नळीला तडा गेलाय आणि तो तुमच्या हातचा नाही. ओव्हनमध्ये फ्यूज विसरलात तर काय होतं, ते मला विचारू नका.

पंप आणि बोर्ड, थोडक्यात

पंप मीटरवर ओएल दाखवतो म्हणून मेला असं नाही. व्हायब्रेशन पंपाच्या गुंडाळीत डायोड बसवलेला असतो, त्यामुळे ओहमचा आकडा भरवशाचा नाही. घरघर आहे पण पाणी नाही, तर हवा अडकलीय किंवा क्षार. आवाजच नाही, तर कॉफीचं बटण दाबून पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज येतंय का ते बघा (हे चालू विजेवरचं काम आहे). येत असूनही गप्प असेल तर पंप गेला. येत नसेल तर मागे बटणाकडे जा. पंपावर 'दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद' असं छापलेलं असतं. टाकी रिकामी असताना बटण दाबून विसरलात, तर त्याच्या अंगावरचा छोटा कट-आऊट उघडतो. वीस मिनिटांनी आपोआप जुळला तर नशीब. सोलेनॉइडची गुंडाळी मात्र सरळ मोजता येते, शेकड्यांत किंवा हजारांत ओहम. ओएल असेल तर बदला.

पंप बटण न दाबताच सुरू राहतो? बोर्डावरचा ट्रायॅक (पंप चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. यापलीकडे बोर्डाच्या नादी मी लागत नाही आणि तुम्हीही लागू नका. स्वस्त मशीनचे बोर्ड ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट लाईटवरून पाच व्होल्ट बनवतात. ५ व्होल्टची वायर म्हणून निर्धास्त हात लावाल आणि ती जमिनीच्या तुलनेत २३०वर बसलेली असेल.

वीतभर वायर

तर आमचं मशीन. नवा एलिमेंटही निर्दोष निघाल्यावर मी केबलच्या रबरी तोंडापासून आतल्या वायरीवर बोट फिरवत गेलो. कप ठेवायच्या ट्रेखाली पत्र्याची एक कडा दुमडलेली नव्हती. निळी न्यूट्रल वायर तिथून वळून बटणाकडे जात होती, आणि पंप चालला की सगळा पत्रा थरथरायचा. तीन वर्षं ती कडा त्या वायरला करवतत होती. आवरणावर तांदळाच्या दाण्याएवढी चीर, आत तांब्याची एकच तार चमकत होती, आणि पत्र्यावर तिचा काळा ठिपका.

चिकटपट्टी गुंडाळून भागलं असतं, पण ती उष्णतेने सुटते. मी वायरचा तेवढा भाग बदलला, वर सिलिकॉनची स्लीव्ह घातली, पत्र्याच्या कडेला रबरी पट्टी बसवली आणि वायर बाजूला बांधून टाकली, हलणारच नाही अशी. झाकण लावण्याआधी प्लगवरची तीच दोन मोजमापं परत घेतली. झाकण लावल्यावर पुन्हा एकदा, कारण स्क्रू वायरीतून जाऊ शकतो. टाकी भरली, पंपातून आधी पाणी खेळवलं, मग वीस मिनिटं मशीन तापतं ठेवून जवळ बसून राहिलो, अधूनमधून प्लगला हात लावून तो गरम होतोय का बघत. शेवटी आरसीसीबीचं 'टी' बटण दाबलं. इतके दिवस बिचारा एवढा पडला होता, तो अजून पडतो ना याची खात्री केलेली बरी. पडला. आई आतून ओरडली, "परत?"

जुना एलिमेंट मी नंतर सवडीने मोजला. ३९.४ ओहम, मेगरवर ठणठणीत. वरच्या फळीवर लोणच्याच्या बरणीमागे पडून आहे.